बाहीएवढा मासा

माणसानं घरात बसू नये असं माझं म्हणणं नाही. पण घरात बसण्यालाही एक रीत असते आणि ती आमच्या ह्यांना येत नाही. रविवारी सकाळी मी दूध तापवायला उठले तर हे पलंगावर आडवे, डोळे टक्क उघडे, नजर छताला, आणि कोपऱ्यात गळाची काठी भिंतीला टेकून उभी, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी. आधीच्या रविवारी मी म्हटलं, पोट बिघडलं असेल. त्याच्या आधीच्या रविवारी म्हटलं, गुडघा. पण माणसाचं एकेक अंग पाळीपाळीनं रविवारीच कसं बिघडेल? बरं, उठले ते गप्प एका जागी बसतील तर ते नाही. माझ्या शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसले आणि बॉबिनचा डबा मांडीवर घेतला. माझ्या बॉबिन मी कामाच्या क्रमानं ठेवते. आधी लागणारी वर, मग लागणारी खाली, त्यात बाहेरच्या माणसाला काही कळायचं कारण नाही. ह्यांनी त्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत ओळीनं लावल्या. मी न बघता हात घातला, शर्टाचं पांढरं म्हणून उचललं आणि अर्धी कॉलर मोतिया रंगात शिवून मोकळी झाले. उसवताना म्हटलं, "अहो, तळ्यातलं पाणी गेलं म्हणून माझ्या डब्यात गळ टाकताय का?" स्वयंपाकघरात सून फिसकन हसली. हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. चाळीस वर्षांत या माणसानं माझ्या टोमण्याला उत्तर दिलं नाही असं झालेलं नाही. उत्तर कधी धड नसायचं, पण असायचं. त्या दिवशी त्यांनी फक्त निळ्या बॉबिनवरचा सुटलेला दोरा बोटानं गुंडाळला आणि परत सोडला, परत गुंडाळला.  तो दोरा बघता बघता मला वाटलं, मशीनखालची फरशी एक इंचभर खचली.

लग्न झाल्यापासून घरातला रविवार माझा आणि तळ्यावरचा त्यांचा. आठवडाभर हे लिफ्टच्या खोल विहिरीत लोंबकळायचे. कुठे दोर तपासायचा, कुठे दार अडकलं ते सोडवायचं, कुठे दोन मजल्यांच्या मध्ये माणसं कोंडली त्यांच्याशी वरून शांतपणे बोलत राहायचं. शांतपणे बोलण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आत बाई किंचाळत असली तरी हे वरून विचारायचे, ताई, भाजी कुठली घेतलीत? एकदा एका म्हाताऱ्याला अंधारात तासभर असं बोलतं ठेवलं, तर बाहेर आल्यावर म्हातारा म्हणाला, अजून थोडं थांबलो असतो. असा माणूस. भीती म्हणून काही असते हे ह्यांना शिकवायलाच राहिलंय असं मी सगळ्यांना सांगायची. आणि रविवारी तळं. म्हणायचे, सहा दिवस वर-खाली, वर-खाली, एक दिवस तरी जिथं काही वर-खाली होत नाही तिथं बसू दे. घरात मात्र मासा कधी आला नाही. धरायचा, बघायचा, सोडायचा. शेजारीण मला खवचटपणे विचारायची, "मग जातात तरी कशाला?" मी म्हणायची, "सोडायला जातात. धरणारे गल्लोगल्ली मिळतील, सोडणारा एक दाखव." त्यांच्या गळवाल्यांच्या मंडळाची एक रीत होती. लक्षात ठेवण्याजोगा मासा लागला की त्याच्या पाठीवरच्या पराच्या बुडाशी तांब्याच्या बारीक तारेनं आपली काहीतरी वस्तू बांधायची आणि मग सोडायचा. पुढे तो दुसऱ्या कुणाला लागला तर कळावं, हा आधी कुणाच्या हातातून गेलाय. घड्याळजी, म्हणजे ह्यांचे लंगोटीयार, घड्याळाचं चाक बांधत. दवाखान्यातले कंपाउंडर बाटलीचं पत्र्याचं झाकण बांधत. आमच्या ह्यांचं होतं बटण. एकदाच बांधलं. एका माशाला, एकाच दिवशी.

दुपारी घड्याळजी आले. जिन्यातूनच ओरडत आले, "वहिनी, आहे का तो, की त्यालाही पाणी कमी पडलं?" आत येऊन ह्यांच्या समोर बसले आणि सांगायला लागले. दोन वर्षं पाऊस नावाला, आणि होतं ते पाणी शहरानं नळातून पिऊन टाकलं. आता तळ्याच्या मधोमध अंगणाएवढं डबकं राहिलंय आणि सगळे मासे त्यात गोळा झालेत, पाठीला पाठ घासून. गळ टाकायची गरज नाही, हातानं उचलावेत. मंडळानं ठरवलं की अशात गळ टाकायचा नाही, लाज आहे ती. येत्या रविवारी पालिकेची माणसं जाळी घेऊन येणार, सगळे मासे टाकीच्या ट्रकमधून शहराबाहेरच्या मोठ्या धरणात सोडणार. "म्हणजे सगळ्यांच्या खुणा निघतील बघ. कुणाचं चाक, कुणाचं झाकण. तुझा तो लेकीएवढा मासा पण निघेल. झाकली मूठ आता उघडायची." घड्याळजी आपल्याच बोलण्यावर हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "गुडघा दुखतो." घड्याळजी म्हणाले, "गुडघ्यानं बघायचंय का?" तरी हे गप्प. मी चहाचे कप घेऊन उभी होते आणि त्या एवढ्याशा गप्प राहण्यात मला सगळं ऐकू आलं. हे तळ्यावर जात नव्हते ते पाणी नव्हतं म्हणून नाही. पाण्याखालचं दिसायला लागलं म्हणून.

लेक गेली तोही रविवारच होता. दूरच्या शहरात नोकरी लागली होती. दोनच वर्षांसाठी जाते म्हणत होती, पण ती परत यायची नाही हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ह्यांना तर नोकरीचं पत्र यायच्या आधीपासून. बाप-लेकीचं फार. ती लहान असताना लिफ्टच्या छतावर बसायचा हट्ट धरायची आणि हे तिला खरंच एकदा घेऊन गेले होते, मला चार दिवसांनी कळलं. तिच्या प्रवासासाठी मी शर्ट शिवला होता, पूर्ण बाह्यांचा, फिक्या निळ्या कापडाचा, कारण गाडीत रात्री गार वारा लागतो. उरलेल्या तुकड्यात ह्यांचाही बसला. दोघांना एकाच कापडाचे शर्ट आणि एकाच पुड्यातली बटणं, जाड काठाची. सकाळी हे तो शर्ट घालून निघाले. म्हणाले, तळ्यावर डोकावून येतो, गाडीच्या वेळेला थेट स्टँडवर. मी म्हटलं, आजच्या दिवशी? ते म्हणाले, तासभर. लेक म्हणाली, जाऊ दे ना आई, त्यांना घरात बसवणार नाही. स्टँडवर आम्ही दोघी उभ्या. ट्रंक टपावर गेली. तिनं खिडकीची जागा धरली, उठली, खाली उतरली, परत चढली. मी रस्त्याकडे बघत होते, ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे मला आधी दिसले तर माझ्या तोंडावर कळेल. शेवटी गाडी सुरू झाली तरी ही पायरीवर. कंडक्टर म्हणाला, "ताई, एक काहीतरी करा, आत तरी या नाहीतर खाली तरी उतरा." तेव्हा ती आत गेली. खिडकीतून तिनं हात बाहेर काढला तो मला नाही, माझ्या मागच्या रस्त्याला. मनगटाशी बाहीचं बटण लावायचं राहिलं होतं. इतक्या वर्षांत मला तिचा त्या वेळचा चेहरा कधी नीट आठवला नाही. ती उघडी बाही मात्र मी आत्ताही शिवून देईन, डोळे मिटून.

दिवेलागणीला हे आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, चपलांना चिखल, आणि शर्टाचं वरून दुसरं बटण गायब, तिथं माझाच दोरा लोंबत होता. मी दारातच उभी राहिले. तोंड उघडलं असतं तर त्या दिवशी काय बाहेर पडलं असतं देव जाणे, पण त्यांनी आधी सांगायला सुरुवात केली. ऐन दुपारी मासा लागला. असा मासा आयुष्यात लागला नाही. काठाकाठानं ओढत नेलं त्यानं, पार दगडी बांधापर्यंत. दोरी तोडून येता आलं असतं, पण गळ तोंडात घेऊन तो गेला असता तर तडफडून मेला असता, असा कसा सोडू? दमवून दमवून काठाला आणला, गळ काढला, बटण बांधलं, सोडला, तोवर गाडी गेली होती. मी विचारलं, "केवढा होता?" ते म्हणाले, "आपली पोर पहिलीत गेली तेव्हा होती ना, तेवढा." आणि हात पसरले. ओल्या पँटमधून फरशीवर पाणी गळत होतं, हात पसरलेले, आणि चेहऱ्यावर असं काही की मी भांडले नाही. फडकं आणून फरशी पुसली. जिवंत जिवाच्या तोंडातला गळ काढायला थांबला माणूस, याला काय बोलायचं? मी मनाशी म्हटलं, कारण आहे. मोठं आहे. आणि पुढे मीच ती गोष्ट सगळीकडे सांगितली. कापड त्यांचं होतं, पण त्याला अस्तर मी लावलं. जिन्यात सांगितली, दुकानात सांगितली, पोराच्या लग्नात व्याह्यांना सांगितली. सांगताना मासा थोडा वाढायचा, माझ्याही नकळत, पोरं वाढतात तसा. एका माणसाला सांगून तो काही केल्या वाढला नाही. फोनवर लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं." एवढंच. तेव्हापासून ती बापाशी फोनवर बोलत नाही असं नाही. तब्येत विचारते, औषध विचारते, "आईला द्या" म्हणते. आणि माझ्याशी बोलून झालं की ठेवता ठेवता, हसत, "मासा बरा आहे ना त्यांचा?" बारा वर्षं. हसते, पण सुई कापडात शिरताना जसा टच्‌ आवाज येतो ना, तसा प्रत्येक वेळी मला ऐकू येतो.

त्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा मी तळ्याचं सांगून टाकलं. सांगायला नको होतं की काय, माहीत नाही. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगजाहीर आहे. मी म्हटलं, पाणी गेलं बाई तळ्याचं, रविवारी मासे हलवणार.  मागे तिच्या ऑफिसात कुणीतरी खुर्ची सरकवली तेवढं ऐकू आलं. मग म्हणाली, "म्हणजे दिसेलच की आता."

"काय दिसेल?"

"मासा, आई. आणि काय."

मी म्हटलं, अगं, तळं केवढं, मासे किती, बारा वर्षांत त्याचं काय झालं असेल. ती म्हणाली, "नाही, ऐक. तो खरंच निघाला ना, तर मी त्यांना फोन करीन. मी स्वतः. इतकी वर्षं टोचून बोलले त्याबद्दल माफी मागीन. मला आवडेल गं माफी मागायला. तुला कळतंय का?" तिचा आवाज एकदम पहिलीतला झाला. मी विचारलं, "आणि नाही निघाला तर?" म्हणाली, "तर मला काही सांगू नकोस." हे स्टुलावरच होते. फोनमधलं त्यांना ऐकू गेलं नसणार, पण माझं ऐकू गेलं असणार, आणि माझं ऐकून तिचं कळायला लिफ्टचं इंजिनीअरिंग लागत नाही. मी फोन ठेवला आणि विचारलं, "येताय रविवारी?" ते म्हणाले, "गुडघा." मी म्हटलं, "तो गुडघा मला द्या, मी जाते त्याला घेऊन." उरलेला आठवडा मग घरात एक विचित्र उघडेपणा आला. सून सुद्धा भांडी हळू ठेवायला लागली. रात्री त्यांच्या कुशीवर वळण्याचा आवाज, सकाळी वाटीत चमचा फिरवत बसण्याचा आवाज. एरवी हे सगळे आवाज कशाच्या तरी खाली असायचे, आता वर आले होते. मशीन चालवताना मला वाटायचं, मासा निघू दे. मग पायडल थांबलं की वाटायचं, नको निघू दे, म्हणजे एकदाचं भांडता येईल. दोन्ही मनापासून वाटायचं. मी काही दुतोंडी बाई नाही, पण त्या आठवड्यात होते.

रविवारी घड्याळजींच्या स्कूटरवर मागे बसून गेले. या वयात, गळ्यात टेप तशीच राहिलेली, पदर खोचलेला. सून गॅलरीतून म्हणाली, "आई, घट्ट धरा." मी म्हटलं, "कुणाला?" तळ्यावर मी इतक्या वर्षांत दोन-तीनदाच गेले असेन, आणि गेले तेव्हा पाणी होतं, म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतं, सपाट आणि चकचकीत. आता तळं नव्हतंच. खळगा होता. काठाच्या पायऱ्या कुठे जायच्या ते न कळल्यासारख्या चिखलात शिरून थांबलेल्या. लाकडी धक्क्याचे खांब उघडे, त्यांच्यावर पाणी कुठवर असायचं त्याच्या रेघा, एकाखाली एक, उंची मोजल्यासारख्या. भेगाळलेल्या गाळात बाटल्या, एक सायकल, एका पायाचे बूट. वास बंद कपाट उघडल्यासारखा. आणि मधे एक झाड. वाळलेलं, काळं, आडवं पडलेलं, कधीकाळी बुडालेलं झाड, आणि त्याच्या फांदीफांदीला गळ. शेकडो. गंजलेले, चकचकीत, तुटक्या दोऱ्यांसकट, वाऱ्यानं हलणारे. घड्याळजी मला झाडाजवळ घेऊन गेले. एक गळ बोटानं उचलून म्हणाले, "हा माझा, पितळी. वहिनी, मला आठवतंय हा. मी घरी जाऊन सांगितलं होतं, असा मोठा होता की दोरी तोडून गेला. हा कंपाउंडरचा. त्याचा तर आठवडा गेला होता त्या दुःखात. सगळ्यांचे मोठे मोठे मासे बघा. झाड होतं हो. आम्ही सगळे झाडाशी झुंजत होतो." हसायला लागले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.   त्या झाडाखाली उभी राहून मला वाटलं, आता घरी जावं. पुरे. पाणी असायला हवं होतं इथं. माणसांना पाणी लागतं ते फक्त प्यायला नव्हे.

पण जाळं तोवर ओढायला घेतलं होतं. कमरेपर्यंतचे रबरी बूट घातलेली पालिकेची माणसं दोन्ही बाजूंनी चालत येत होती आणि मधलं डबकं उकळल्यासारखं दिसत होतं. मासे टबात, टबातून ट्रकच्या टाकीत, टाकीत हवेची नळी बुडबुडत होती. खूण असलेला मासा सापडला की रबरी बुटातला माणूस ओरडायचा, "चाक!" आणि घड्याळजी धावत जायचे, "झाकण!" आणि कंपाउंडर, आणि मंडळातली ती टकली-पिकली डोकी टाळ्या वाजवायची, शाळेतलं बक्षीस वाटल्यासारखी. पुष्कळ खुणा निघाल्या. पुष्कळ निघाल्या नाहीत. डबकं आत आत येत गेलं, टब होते तेवढे भरले, मी काठावरच्या दगडावर बसून टेपचं टोक गुंडाळत होते, सोडत होते. आता नाही निघत, असं ठरवून मी उठले आणि पदर झटकला, तेव्हा तो माणूस ओरडला, "बटण! बटण कुणाचं?" मी म्हटलं, "माझं."

चिखल तुडवत गेले. ओल्या गोणपाटावर त्यांनी तो धरला होता. मासा कल्ले उघडत-मिटत होता आणि त्याचा डोळा कुठंच बघत नव्हता. पाठीवर शेवाळाचा एक गोल होता. मी नखानं खरवडला. जाड काठ, चार भोकं, खाली निळसर झाक. त्या पुड्यातलं शेवटचं बटण अजून माझ्या डब्यात आहे. तार दोनदा पीळ देऊन आत वळवलेली, टोक कुणाला टोचू नये म्हणून. लिफ्टमधली वायर ते अशीच वळवत.  निघाला होता. खोटं नव्हतं. एवढ्या चिखलात मला असं वाटलं की आत्ता इथूनच ओरडावं, त्या दूरच्या शहरापर्यंत ऐकू जाईल असं. आणि मग मी त्याच्याकडे नीट बघितलं. माझं शिक्षण चौथीचं, पण माप मला नजरेनं कळतं. तरी मी टेप काढली. आजूबाजूची माणसं हसली, "वहिनी, शर्ट शिवणार का त्याला?" मी टेपचं टोक त्याच्या डोक्याशी धरलं आणि शेपटीपर्यंत आणलं. एकवीस इंच. मी टेप परत लावली. एकवीस. लेकीच्या त्या शर्टाची बाही मी एकवीस बेतली होती, खांद्यापासून मनगटापर्यंत.

घड्याळजी शेजारी येऊन उभे राहिले होते. मी विचारलं, "भावोजी, मासे वाढतात ना?"

"वाढतात की. मरेपर्यंत."

"म्हणजे बारा वर्षांपूर्वी हा अर्धी बाही असेल."

त्यांनी चष्मा सावरला. "कमी पाण्यात मासा तितका..."

"पाणी आता कमी झालं. तेव्हा तुडुंब होतं. मला खरं सांगा, एवढा मासा काठाला आणायला किती वेळ लागतो?"

ते माशाकडे बघत म्हणाले, "चहा निवेपर्यंत. तोही नवशिक्या असला तर."

"तुम्ही होतात त्या दिवशी?"

"होतो."  ट्रकची नळी बुडबुडत होती. "बटण बांधून सोडला त्यानं मासा आणि बांधावर जाऊन बसला. पाय पाण्यात. मी म्हटलं, अरे, गाडी चुकेल. तर म्हणाला, हो." घड्याळजींनी हात उडवला. "एवढंच म्हणाला. हो. मला वाटलं, वेळ आहे अजून. मी आपला गळ टाकला."

रबरी बुटातल्या माणसानं विचारलं, "मावशी, बटण काढून देऊ का आठवण म्हणून?" मी म्हटलं, "राहू दे. त्याला सवय झाली असेल." त्यानं मासा टाकीत सोडला. वरून वाकून बघितलं तर सगळे सारखेच, काळ्या पाठी, एकमेकांना घासत, आणि त्यात ते बटण एकदा दिसलं, मग नाही दिसलं.

येताना स्कूटरवर मी हिशेब मांडत होते. मासा निघाला नसता तर मी घरी जाऊन त्यांना फाडून खाल्लं असतं, आणि ते सोपं होतं. खरंच पहिलीतल्या पोरीएवढा निघाला असता तर लेकीला फोन लावला असता, आणि ते तर फारच सोपं. आता हा मधलाच. खरा आणि एवढासा. मला एकसारखी ती दगडी बांधावरची दुपार दिसत होती जी मी बघितलीच नव्हती. अंधाऱ्या लिफ्टमध्ये अनोळखी बाईला भाजी विचारणारा माणूस, पाय पाण्यात सोडून बसलेला, गाडीची वेळ होतेय, झाली, होऊन गेली. तिकडे स्टँडवर त्याच कापडाचा शर्ट घातलेली पोर पायरीवर, ना आत ना खाली. आणि मी मधोमध, रस्त्याकडे तोंड करून. एवढ्या वर्षांत तिघांपैकी एकानं तरी ती दुपार उचलून नीट बघायला हवी होती. आम्ही तिच्यावर मासा ठेवला. मासा मोठा मोठा होत गेला आणि दुपार खाली दबून राहिली.

घरी आले. हे स्टुलावरच बसले होते, मी गेले तेव्हा होते तसेच. बॉबिनचा डबा मशीनवर होता, उघडा. त्यांनी सगळ्या बॉबिन परत माझ्या क्रमानं लावल्या होत्या. आधी लागणारी वर, मग लागणारी खाली. म्हणजे तो क्रम त्यांना माहीत होता. कधीपासून, कोण जाणे. सुनेनं पाण्याचा तांब्या आणून दिला आणि माझं तोंड बघून आत निघून गेली. शहाणी आहे. ह्यांनी माझ्या चिखलाच्या पायांकडे बघितलं, मग वर बघितलं.

"होता?"

मी गळ्यातली टेप काढली, एकवीसवर बोट धरलं, आणि त्यांच्या समोर ताणून धरली. त्यांनी टेपकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी म्हटलं, "होता. बटण माझं, तार तुमच्या हातची. खोटं नाही बोललात तुम्ही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. पण एवढा होता. त्याला काढायला दुपार लागत नाही. ती जाताना तुम्हाला बघवणार नव्हतं म्हणून तुम्ही बांधावर बसून राहिलात. घाबरलात. घाबरायला हरकत नव्हती हो, मीही घाबरले होते. पण तुम्ही तिला मासा सांगितलात, आणि ती बारा वर्षं मोजत बसली की आपण त्या माशापेक्षा किती कमी भरलो. आता मी फोन लावते. ती माफी मागायला लागेल, मागू द्यायची नाही. माशाचं नाव काढायचं नाही. नंबर मी फिरवते, पहिलं वाक्य तुमचं."